विभावरीबाईंची संस्थानी बोरमाळ

हं, पेटी जरा थांबू दे. मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. खरं आणि खोटं ओळखायचं कसं? सोपं वाटतं ना? भेंडीचं टोक मोडून बघता, नारळ कानाशी हलवून बघता. आणि माणूस? माणूस कसा हलवून बघणार? — हसताय? हसा! आता ऐका.

चिपळुणात विभावरीबाई पोंक्षे नावाच्या एक बाई होत्या. ज्ञानी! कशात? जुन्या दागिन्यांत! हे ज्ञान गुरूकडून आलं का? छे हो — मोबाइलवरून! दुपारचं जेवण झालं की आडवं व्हायचं आणि बोटाने सरकवत जायचं. पेशवाई नथ, सरदारी तन्मणी, दरबारी पाटल्या! पेशव्यांच्या घरी तरी एवढ्या नथी होत्या का? पण बाईंची श्रद्धा अढळ! त्यातली चिमूटभर देवळात आली असती तर... जाऊ दे.

अशाच एका दुपारी त्यांनी बोरमाळ मागवली. बोरमाळ तुम्हाला ठाऊकच आहे — बोराएवढे सोन्याचे मणी, वर पातळ पत्रा, आत लाख, आणि सगळे दोऱ्यात ओवलेले. विकणाऱ्याने लिहिलं होतं, 'संस्थानी राजघराण्यातील मूळ दागिना.' यजमानांनी, म्हणजे आप्पांनी, भीत भीत विचारलं, "कुठलं राजघराणं?"

"गुप्त ठेवलंय. राजघराणी अशी नावं सांगत फिरतात होय?"

आप्पांनी पेपर उघडला! उगाच नाही संसारात एवढा टिकला माणूस.

माळ आली. काळीकुट्ट, दोरा विरलेला. बाईंनी भिंग लावलं — हो, तेही मोबाइलवरूनच मागवलेलं! "बघा, काळी पडलीय! दोरा जीर्ण! अस्सल!" झालं निदान! काळं ते जुनं, मग आमच्या घरची कढई यादवांच्या काळातली म्हणायची! सोनं काळं का पडावं, हा प्रश्न काही त्या भिंगातून दिसला नाही.

आता पुढे ऐका. बाईंचा मुलगा निषाद, त्याचं लग्न ठरलं. मुलगी गुहागरची, ऋजुता. वडील नाहीत, आई मालिनीताईंनी एकटीने वाढवलेली. साखरपुडा आला भर मे महिन्यात. चिपळूणचा मे! विभावरीबाई भरजरी साडीत, गळ्यात संस्थान! आणि मालिनीताईंनी स्वतःच्या गळ्यातली बोरमाळ काढून लेकीला घातलेली.

बाईंची नजर तिथेच गेली. पर्समधून भिंग निघालं. साखरपुड्यात, मंडळी! भिंग!

"ही कुठून घेतलीत?"

"माझ्या सासूबाईंची. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी घातलेली."

"छे! एवढी लखलखीत? दोरा नवा कोरा, मण्यांना पोचे! विहीणबाई, राग मानू नका हं..." — ही सुरुवात झाली की राग येणार हे नक्की! — "तुम्हाला कुणीतरी फसवलंय. खोटं माझ्या सुनेच्या गळ्यात नको. काढ गं ती."

हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या! ऋजुताने माळ मुठीत धरली, होणाऱ्या सासूला म्हणाली, "आई, बाकी सगळं काढते. ही नाही काढणार."

आणि आमचे नवरदेव? पंख्याकडे बघत होते! अंगठी तबकात तशीच. मुलीच्या मामांनी चपला पायात सरकवल्या. मोडतंय आता, सगळ्यांनाच कळलं.

तेवढ्यात वीज गेली. पंखा बंद! निषादला बघायलाही काही उरलं नाही.

घाम सुटला. नवरा गेल्यावरही हळदकुंकवाचा करंडा मालिनीताईंनी सोडला नव्हता; तोच घेऊन त्या उठल्या. अपमान झाला म्हणून हळदकुंकू चुकवायचं नसतं. विहिणीला कुंकू लावायला त्या वाकल्या — आणि थबकल्या. विभावरीबाईंच्या गळ्यावरून काळे ओघळ चालले होते! माळेचं काळं पॉलिश सुटत होतं!

एक वाक्य पुरेसं होतं, मंडळी. सगळा हॉल कान टवकारून बसलेला. तुम्ही बोलला असता की नाही? देवासमोर बसलाय, खरं सांगा!

मालिनीताईंनी विहिणीचा पदर उचलला, गळ्याभोवती नीट घेतला. हळूच म्हणाल्या, "आत चला जरा."

आत आरसा होता. बाईंनी पाहिलं. गळ्याभोवती काळं कडं, आणि मण्यांवरच्या पॉलिशखालून तांबं डोकावतंय. मालिनीताई पंचा भिजवू लागल्या.

"तुमची काळी कशी पडली नाही?" विभावरीबाईंनी विचारलं.

"रोज गळ्यात असते. दिवाळीला रिठ्याने धुते. दोरा झिजला की पुन्हा गाठवून घेते."

"आणि ते पोचे?"

"ऋजुताला दात येत होते तेव्हाचे. कडेवर घेतली की तीच चावायची."

बाईंना फार लाज वाटली. पण मन बघा कसं असतं! लगेच म्हणालं, पदर आहे ना? कुणी पाहिलं नाही. बाहेर जाऊन 'असू दे, चालेल' म्हणावं, सगळे वाहवा करतील. मोठेपणा आयता मिळत होता!

दारात आल्या. समोर ऋजुता, अजून माळ मुठीत धरून उभी. कुणी ओढून घेईल म्हणून. तेवढं पाहिलं आणि बाईंनी पदर सोडला. गळा तसाच, न पुसलेला!

"थांबा सगळे. खोटी माझी होती. बघा!" मग ऋजुताची मूठ हलकेच सोडवून पोचे पडलेल्या मण्यावर बोट ठेवलं. "ही खरी आहे. तुझेच दात आहेत हिच्यावर. चुकले मी, पोरी."

मामांनी चपला काढल्या. बाई मुलाकडे वळल्या, "वर काय बघतोस रे? अंगठी घाल!"

तर मंडळी, त्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यात खरा गळा कुणाचा होता? तो काळा झालेला! आता घरी जाऊन आईच्या दागिन्यांवर भिंग धरू नका. आपण तिला कुठे कुठे चावलोय, तेवढं आठवा.

आणि मघापासून बघतोय, बऱ्याच जणांचे हात आपापल्या गळ्याकडे गेलेत. झाकताय? झाका! समोर विटेवर उभा आहे ना, त्याच्याकडे भिंग नाही. पण कुणाकडची वीज कधी घालवायची, ते त्याला बरोबर कळतं. त्याआधी आपणच हात खाली घेतलेले बरे. घ्या खाली... अजून एकजण राहिलाय... हं. आता मोकळ्या गळ्याने म्हणा — राम कृष्ण हरी!