बाटलीला मोजे

…आणि वर मलाच विचारतात, "तुला कुणी सांगितलं होतं रे, बाटल्यांना मोजे घालायला?" अहो, कुणी सांगितलं म्हणजे? मतदान झालं होतं! हात वर करून! तीन विरुद्ध दोन! आणि आता सगळे असे बोलतात, जणू मी एकटाच आठवडाभर मोजे विणत बसलो होतो… यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

नाही, थांबा, तुम्हाला आधीचं काहीच माहीत नाही. सांगतो. आमचं एक मंडळ आहे. पाच जणांचं. व्हिस्कीचं. हे बघा, 'व्हिस्कीचं' म्हटलं की लोक लगेच असे बघतात! तसलं काही नाही हो. आमच्याकडे कुणी पीत नाही. म्हणजे पितात, पण चमचाभर. बाकी सगळं बोलणं. दर रविवारी दुपारी चार वाजता, दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात. हसू नका! रविवारी दवाखाना बंद असतो, घरी डॉक्टरच्या बायकोला वास खपत नाही, आणि सोयी बघा किती… रंग बघायला वर तो मोठा दिवा, नको असलेला घोट थुंकायला शेजारी ते गोल भांडं, त्यात आपोआप पाणी फिरतंय, पडल्या पडल्या मान टेकायला उशी! रीत अशी, की ज्याने नवी बाटली घेतली त्याने ती कुठे मिळाली, कशी मिळाली ते सांगायचं, मग एकेकाने त्या खुर्चीत बसायचं, ग्लास दिव्याखाली धरायचा, आधी नुसता वास घ्यायचा, त्या वासावर बोलायचं, आणि बोलून झालं की मगच घोट. वयाने सगळ्यात मोठा तो पहिला. म्हणजे माझा मामा.

मामाकडे येतो. आधी बाकीचे ऐका, म्हणजे मी का चिडलो ते कळेल. एक आहे विमावाला. त्याला आम्ही पॉलिसी म्हणतो. हा बाटली अशी आणतो, जणू प्रसूतिगृहातून पहिलं बाळ घरी नेतोय. दोन्ही हातांत धरून, हळूच, दाराला कोपर लावून… आणि मग, "अठरा वर्षं! अठरा वर्षं पिपात होती ही! हात लावा, हात लावा!" अहो, मी सव्वीस वर्षं या जगात आहे, मला कुणी दिव्याखाली धरून बघितलं नाही! दुसऱ्या, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई. त्यांना कुठल्याही ग्लासात खारा वारा लागतो. "पश्चिमेकडचा आहे," डोळे मिटून म्हणतात, "बेटावरचा… टेकडीच्या या अंगाचा." या अंगाचा! नकाशा काढून द्या म्हणावं! आणि खुद्द डॉक्टर. त्याचं सगळं दातांत. "मागच्या दाढेला गोड लागते, पण हिरडीला बोचते." बस. संपला अभिप्राय.

पण खरी गंमत काय, की बाटलीवर वर्षं जास्त लिहिलेली असली की सगळ्यांना मध लागतो, बदाम लागतात, जुनं चामडं लागतं… अहो, जुनं चामडं! कधी चाटून बघितलंय का कुणी? आणि साध्या दुकानातली साधी बाटली आली, की हेच लोक ओठ मुडपून म्हणणार, "हं… ठीक आहे, सर्दीला चालेल." मी संख्याशास्त्र शिकलोय. मला हे सहन होईना. म्हटलं, आपण व्हिस्की चाखतोय की कागद? उठलो आणि भाषण ठोकलं. पंधरा मिनिटं. सत्य, समता, डोळ्यांवरची झापडं… सगळं आलं त्यात. म्हटलं, पुढच्या रविवारपासून बाटल्या झाकायच्या, नाव दिसता कामा नये, मग बघू कुणाच्या नाकात किती दम आहे ते!

यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

डॉक्टर आणि बाई माझ्या बाजूने. पॉलिसी विरुद्ध, ते अपेक्षितच. पण मामा! मामाने माझ्या विरुद्ध हात वर केला. जन्मात पहिल्यांदा. म्हणाला, "अरे, असू दे की तिचं नाव. माणसाची ओळख करून देताना आपण त्याच्या तोंडावर फडकं टाकतो का?" सगळे हसले. मीही हसलो, आणि लगेच म्हणालो, "मामा, तुला रे कसली भीती? तुझ्यासारखं नाक आहे कुणाचं?"

आता मामाचं ऐका. मामा चौतीस वर्षं औषधाच्या दुकानात, मागच्या खोलीत औषधं कालवायचा. बाटलीवरची चिठ्ठी पडली तर नुसत्या वासावर सांगायचा, हे खोकल्याचं, हे पोटाचं, आणि हे कालच करायला हवं होतं. मला त्यानेच वाढवलं, त्याने आणि मामीने. दोन वर्षांपूर्वी मामी गेली. दहा दिवस ताप, त्याच तापाने मामाही अंथरुणावर, तो उठला, ती नाही उठली. आणि त्यानंतर मामा बोलायचाच बंद झाला. म्हणजे भांडण नाही, रुसणं नाही… 'हो', 'नको', 'ठेव तिथे'. एवढ्यावर महिनेच्या महिने. दाढी वाढलेली. शेवटी मीच त्याला ओढत त्या दवाखान्यात नेला, खुर्चीत बसवला, हातात ग्लास दिला. दोन मिनिटं नुसता त्या बाटलीकडे बघत राहिला. मला वाटलं, आता उठून जाणार. आणि मग, तुम्हाला सांगतो, बोलायला लागला…

"काडी विझवल्यावर जिन्याखाली जो वास राहतो ना," म्हणाला, "तो आहे. त्याच्यामागे मेण. आणि सगळ्यात मागे, आत्ताच इस्त्री करून घडी घातलेलं सुती कापड… अजून गरम आहे."

पॉलिसी आपल्या बाटलीकडे असा बघायला लागला, जणू ती आता बोलणार आहे. बाईंनी वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून सगळे रविवारची वाट बघायचे ती व्हिस्कीसाठी नाही हो, मामासाठी! आणि मामा रविवारी सकाळी दाढी करायचा. आठवड्यातून एकदाच. आता कळलं, मी कशाला हात घातला ते?

तर मोज्यांचा रविवार. मोजे डॉक्टरचे, लोकरीचे, जाड. बाईंनी तीनदा विचारलं, "धुतलेत ना नक्की?" आणि तरी त्यांना पहिल्या दोन्ही बाटल्यांत लोकर लागली! डॉक्टरने स्वतःच आणलेली बाटली स्वतःच चाखून "कुणी आणलंय हे डबक्यातलं पाणी?" असं विचारलं. मला तर आनंदाच्या उकळ्या! सत्याचा विजय! फक्त मामा गप्प. पहिली बाटली, "बरी आहे." दुसरी, "बरी आहे." तिसरी, "हीपण बरी." मला वाटलं, मतदानात हरला म्हणून फुगलाय.

आणि चौथी बाटली होती माझी. तिच्यात… कसं सांगू… तिच्यात चहा होता. कोरा, गार, गाळलेला. रंग अगदी हुबेहूब. अहो, संख्याशास्त्रात हे करावंच लागतं! दहा खऱ्यांत एक खोटं ठेवायचं, म्हणजे कळतं परीक्षा खरी आहे की नाही. मला पॉलिसीला पकडायचं होतं. त्याने त्या चहात एकदा का जुनं चामडं शोधलं, की जन्मभराची सोय! पण पहिल्या वर्गात पास झालेला मी, सगळा हिशेब केला, आणि एवढं साधं विसरलो, की खुर्चीत पहिला कोण बसतो!

मामा बसला. डॉक्टर म्हणाला, "मामा, आज काही रंगत नाही बुवा. तुम्ही असे गप्प बसलात तर आम्ही कुणाकडे बघायचं? काहीतरी बोला ना!" मामाने माझ्याकडे बघितलं. मी काय करावं? मी उठून ग्लास काढून घ्यावा की नाही? मी म्हटलं, ओळखेल. मामाच तो! नाकाजवळ नेल्या नेल्या ग्लास माझ्या डोक्यावर ओतेल. मी ओठ चावून हसू दाबत बसलो…

मामाने ग्लास नाकाशी धरला. खूप वेळ. आणि म्हणाला, "ही फार शांत आहे. नाकाला जराही टोचत नाही. खूप वर्षं झोपली असणार…" मग थांबला. "दुपारची वेळ आहे हिच्यात. खिडकीचे पडदे ओढलेत. लाकडी पेटीचं झाकण कुणीतरी उघडलंय, साबणाची जुनी वडी आहे कपड्यांत… आणि ओले केस. उन्हात वाळवायला मोकळे सोडलेले."

बाई पुसत होत्या डोळे! खरंच! मी सांगायला म्हणून उठलो. तोवर पॉलिसी खुर्चीत चढला, ग्लास नाकाशी नेला आणि ओरडला, "अहो, चहा आहे हा! गार चहा!"

मग काय विचारता! मोजा काढला, बाटली फिरली, सगळ्यांनी वास घेतला, डॉक्टर हसता हसता त्या गोल भांड्यावर ओणवा, आणि पॉलिसी मांड्या थोपटत, "म्हणजे मामा, दीड वर्ष आम्हाला थापाच की हो! ओले केस म्हणे! चहात केस निघाला तर आम्ही हॉटेलवाल्याला शिव्या घालतो!" मामाही हसला. सगळ्यांबरोबर. "फसवलंस रे भाच्या," म्हणाला, टोपी घातली, डॉक्टरला म्हणाला, "दिवा बंद करा, डोळ्यांवर येतोय," आणि गेला.

बरं, तरीही मला कळलं नाही. मला, शिकलेल्याला! मला वाटलं, हरला, चिडला, येईल ठिकाणावर. दुसऱ्या दिवशी सकाळी माफी मागायला गेलो. दार उघडलं तर घरभर धूर. दूध उतू जाऊन, जळून, भांडं काळंठिक्कर… आणि त्या शेगडीपासून दोन हातांवर मामा, पेपर वाचत. शांत. मला बघून म्हणाला, "ये. दूध ठेवलंय, चहा टाकू?"

मी धावत जाऊन शेगडी बंद केली. खिडक्या उघडल्या. वळून बघतो, तर मामा त्या काळ्या भांड्याकडे बघत होता. मग म्हणाला, "कळलं ना आता? तापात गेलं. तिच्याबरोबरच. दोन वर्षं काहीच येत नाही नाकात."

"मग तू ते सगळं… काडी, मेण…?"

"नावावरून अंदाज बांधायचो. धुराची आहे, गोड आहे, जुनी आहे. बाकी घरातलंच सांगायचो. आठवून. बोललो नाही तर विसरायला होतं रे… वास असा आठवत नाही, कुणाला तरी सांगावा लागतो."

आता बोला! मी म्हटलं, मामा, मी आत्ता जातो, सगळ्यांना सांगतो, त्यांनी तुझे पाय धरून माफी मागितली पाहिजे! तर हा माणूस मनगट धरून म्हणाला, "एक शब्द बोलायचा नाहीस. थापाड्या म्हटलेलं चालेल मला. बिचारा नको."

आणि मी शब्द दिला. सत्य, समता, झापडंवाला मी! तुम्ही त्याला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. पुढच्या रविवारी दवाखान्यात गेलो, तर मोजे गायब, बाटल्या उघड्या, आणि सगळे मख्ख. पॉलिसीने एकवीस वर्षांची आणली होती हो! एकवीस! सगळ्यांनी वास घेतला, आणि काय म्हणाले? "छान आहे." बाई म्हणाल्या, "खारा… नाही, छान आहे." डॉक्टर म्हणाला, "मामा थापा मारायचे, पण मजा यायची." आणि मग सगळे माझ्याकडे वळून, "तुला कुणी सांगितलं होतं रे मोजे घालायला?" मी ओठ शिवून बसलो. एक वाक्य बोललो असतो तर सगळ्यांचे चेहरे उतरले असते! एकच वाक्य! नाही बोललो. यात माझं काय चुकलं… नाही, राहू द्या. नका सांगू.

मी आता तिकडे जात नाही. रविवारी चार वाजता मामाकडे असतो. पहिल्या रविवारी एक बाटली घेऊन गेलो होतो, नाव समोर धरून. मामाने हातही लावला नाही. आत गेला, कपाटातून मामीची शाल घेऊन आला, माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाला, "तुझं नाक चांगलं आहे. बघ, आहे का अजून काही हिच्यात."

मी शालीत तोंड घातलं. खूप वेळ. डांबराच्या गोळ्या. बस. शाल नाही, मामी नाही, काही नाही, नुसत्या डांबराच्या गोळ्या. त्यानेच घातलेल्या, कसर लागू नये म्हणून.

मामा समोर बसला होता. दाढी केलेली. डोळे मिटलेले.

म्हटलं, "आहे की. हळद लागलेला हात पुसलाय तिने पदराऐवजी हिलाच. आणि… आणि भर थंडीत बाहेरून आल्यावर गाल असतात ना, गार, तसं काहीतरी."

"आणि?" मामा म्हणाला.

चार रविवार झाले याला. तुम्हाला सांगतो, खरं बोलणं सोपं असतं हो, एकदा बोललं की संपलं. इथे दर रविवारी नवीन लागतं… जुनं सांगायला गेलो, तर मामा डोळे न उघडता म्हणतो, "हे झालं मागच्या वेळी. पुढे बोल."