प्रवाशांच्या प्रार्थनेतलं नाव

पूर ओसरून महिना झाला तरी नळ कोरडेच होते. टँकरच्या रांगेत न्हावी कळशी घेऊन उभा होता. दुकान वाहून गेलं, पण लोकांचं ऐकायची सवय थोडीच वाहून जाते? पुढे नणंद-भावजय बोलत होत्या.

“वहिनी, दादाचं नाव प्रवाशांच्या प्रार्थनेतून काढायला सांगितलंस फादरना?”

“हो. मृतांच्या प्रार्थनेत घ्या म्हटलं.”

“तो अजून सापडला नाहीये.”

“पुरात गेलेत ते, वन्सं. कामाला नाही गेलेले.”

“तुला भारीच घाई.”

“दर रविवारी चर्चमध्ये ‘सुखरूप परत येवोत’ म्हणत त्यांचं नाव घेतलं की मी दाराकडे बघते. शेजारीण हळूच माझा हात धरते. किती रविवार धरेल बिचारी?”

“आईला कळलं तर?”

“त्यांनीच पाठवलं मला.”

“आईने?”

“म्हणाल्या, माझ्या लेकाला किती दिवस वाटेवर ठेवणार तुम्ही? देवाच्या घरी पोचू दे. पाय दुखत असतील त्याचे.”

टँकर आला. रांग सरकली, नणंद मात्र जागची हलली नाही. एरवी रांगेत कोणाला पुढे न सोडणाऱ्या न्हाव्याने मागच्यांना कडेने पुढे जाऊ दिलं.

“वहिनी, रविवारी निघताना मला हाक मार. त्याचं नाव घेतील तेव्हा मी तिथे हवी.”