गोष्ट कुणाकडून ऐकली

दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघत बसलेल्या शिंपीणबाईंचे कान शेजारच्या बहीणभावाकडे लागले होते. भाऊ नुकताच प्रवासातून आला होता, बॅग अजून खांद्यावरच होती.

"ताई, शेजारी म्हणाले तुम्ही दोघी इथे आहात. आई सांगायची त्या गोष्टीचा उगम सापडला एकदाचा!"

"बॅग तरी ठेव आधी."

"आईच्या माहेराकडे रीतच आहे, गोष्ट कुणाकडून ऐकली ते सांगितल्याशिवाय सुरुवात करायची नाही. तोच माग काढत गावोगाव फिरलो. शेवटच्या म्हातारीनं कुणाचं नाव घेतलं असेल?"

"आईचं."

"तुला कसं माहीत?"

"धाकट्या भावंडांना झोपवायला तिनंच रचली होती. मला कितीदा सांगितलंय तिनं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कधी?"

"बरं, आता तिच्याच तोंडून रेकॉर्ड करतो. शेवट जो तो वेगळाच सांगतो."

"सोमवारी तिची वाचा गेली."

"काय? फोन नाही का करायचा?"

"केला होता. रेकॉर्डिंग चालू आहे, नंतर बोलतो म्हणालास आणि ठेवलास."

शिंपीणबाईंनी पाय आवरून घेत त्याला वाट करून दिली. तो उठेचना.

"जा ना, आत आहे ती. रेकॉर्डर घेऊन जा. आता कितीही वेळ चालू ठेव."