पाटील सरांची नवी स्कूटर

आमच्या लॉ कॉलेजात यंदा मुस्लिम कायदा आणि मालमत्तेचा नेहमीचा कायदा एकाच तासाला शिकवायला लागले, तिथंच घोळ झाला बघा. पाटील सर हिबा, म्हणजे मुस्लिम कायद्यातली भेट, समजावत होते. वर्गातल्या, काकती गावच्या रेखाच्या हातात त्यांनी किल्ली ठेवली. "माझी नवी स्कूटर तुला दिली!"

"घेतली," रेखा म्हणाली आणि उठून गेलीच की! खाली स्कूटर सुरू झाली तसे आम्ही सगळे गार. सर खिडकीतनं ओरडतायत, "अगं, उदाहरण होतं ते!"

तास संपायच्या आत रेखा कॅम्पातल्या दुकानातनं कुंदा, म्हणजे आमच्याकडची खव्याची मिठाई, घेऊन हजर. सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी कुंदा तोंडात टाकला आणि हात पुढं केला.

"आण किल्ली. मी मुसलमान न्हाय, मला हिबा लागू न्हाय."

"पण सर, अशी वस्तू नुसती हातात दिली तरी नेहमीच्या कायद्यातबी भेट पुरी होती, मग ती परत मागता येत न्हाय."

सर चिडले. "मग मुस्लिम कायद्यानंच जातो! दिलेली भेट कोर्टातनं परत मागता येते त्यात!"

"येती की. पण बदल्यात काही घेतलं नसंल तरच," रेखा म्हणाली. "कुंदा कसा हाय, सर?"

सरांचं तोंड चालायचं थांबलं. त्यांनी तो घास कसाबसा गिळला आणि हळूच विचारलं,

"रेखा, मला घरापर्यंत सोडतीस काय गं?"