बारा पस्तीसच्या शोधात नृसिंह मुळे

...नाही, मी म्हणतो, शोधायला जगात दुसरं काहीच उरलं नव्हतं का? कुणी देव शोधतं, कुणी पोरासाठी स्थळ शोधतं, कुणी सुनेच्या भाजीत मीठ शोधतं, आणि हा सावेडीचा नृसिंह मुळे, तुम्हाला सांगतो, भर उन्हात डोक्याला पंचा बांधून स्कूटरवर निघाला तो काय शोधायला? तर नगर जिल्ह्यात पत्रिकेवर छापलेल्या वेळेला लागलेलं एक लग्न! एक! हसू नका, माणूस मरणाचा गंभीर होता!

आता हा नृसिंह म्हणजे कोण, तर धंद्यानं विनोदी कलाकार. पण साधे विनोद सांगून पोट भरेल तर तो नृसिंह कसला! आधी काहीतरी वेडगळ शोध काढायचा, त्याचे नियम स्वतःच वहीत लिहायचे, सहा-आठ महिने त्यापायी रानोमाळ हिंडायचं, आणि मग स्टेजवर उभं राहून दोन तास त्याची कहाणी सांगायची. कुणी म्हणालं, "नृसिंहराव, थोडं इकडंतिकडं केलं तर कुणाला कळणार आहे?" की हा नाक फुगवून म्हणणार, "नियम म्हणजे नियम!"

पहिला शोध विरजणाचा. भंडारदऱ्याखालच्या एका झुंबरबाई आजींकडून वाटीभर विरजण घेतलं. ते पुढच्या तालुक्यात अनोळखी घरी जाऊन लावायचं, दही झालं की त्यातलं चमचाभर घेऊन पुढं, असे चौदाच्या चौदा तालुके फिरून शेवटचं दही जामखेडात खायचं. आणि दही लागल्याशिवाय त्या घरातून हलायचं नाही. पाथर्डीकडं एका घरी गेला तर दुभतं जनावरच नाही, म्हैस गाभण! दुसरा कुणी शेजारी गेला असता. हा थांबला. अकरा दिवस! तिसऱ्या दिवसापासून घरच्यांनी त्याच्या हातात विळा दिला, "बसून काय ऱ्हाताय, वैरण तरी आना!" बाराव्या दिवशी म्हैस व्याली, तर आधी चीक! चिकाचं दही लागतं होय? आणखी पाच दिवस! त्या घरी रेशनकार्डावर त्याचं नाव चढायचं राहिलं, एवढंच. मी वाढवून सांगत नाही, आपल्याला ती सवयच नाही.

पण कार्यक्रम काय चालला म्हणता! मग दुसरा शोध, एसटीत सापडलेल्या छत्रीचा. छत्रीवर लाल दोऱ्यानं नाव शिवलेलं, 'सत्यशीला'. आठ महिने हा जिल्ह्यातल्या सत्यशीला शोधत फिरला, दोन ठिकाणी नवऱ्यांनी दारातूनच हाकललं, आणि शेवटी कोपरगावात खरी सत्यशीला सापडली. यानं डोळ्यांत पाणी आणून छत्री पुढं केली, तर बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, किती मुश्किलीनं विसरले होते मी ती! नणंदेनं दिलेली होती!" ...लोक खुर्च्यांवरून पडले!

आणि इथंच माणूस बिघडला. कॉलेजच्या ऑफिसातली चांगली नोकरी सोडली. तिसरा शोध पडला, चौथ्याला समोर अकरा माणसं, त्यातली तीन पावसामुळं आत आलेली. मग लीनावहिनी, म्हणजे त्याची बायको, शाळेत गणित शिकवते, बोलणंसुद्धा उत्तराखाली दोन रेघा मारल्यासारखं, ती म्हणाली, "नृसिंह, हा शेवटचा शोध. लग्नाच्या तिथी संपायच्या आत सापडलं तर तू कलाकार. नाही सापडलं तर तिथी संपल्यावरच्या सोमवारपासून अनीशच्या दुकानात." अनीश म्हणजे तिचा भाऊ, देवळाली प्रवरेला ठिबकच्या नळ्यांचं दुकान. त्यानं तर भाऊजींसाठी खुर्ची पुसूनही ठेवली!

मग यानं वही काढली. नियम एक, घड्याळ मोबाईलशी मिळवलेलं. नियम दोन, मिनिटभरही सूट नाही. नियम तीन, लग्न स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि अक्षता स्वतःच्या हातानं टाकायची. ऐकीव चालणार नाही. लीनावहिनी म्हणाली, "तिसरा कशाला? कुणी सांगितलं तरी चालेल की." हा म्हणाला, "नियम म्हणजे नियम!"

आणि मंडळी, सेहेचाळीस लग्नं! सेहेचाळीस! एकाही ठिकाणी हा धड पाहुणा नाही. मुलीकडच्यांना वाटायचं मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटायचं मुलीकडचा. एका ठिकाणी दोघांनाही वाटलं आचाऱ्याचा. आणि वेळ? अहो, आपल्याकडं पत्रिकेवरची वेळ म्हणजे घरातून निघायचा विचार सुरू करायची वेळ! नेवाशाकडं नवरदेव घोड्यावरून उतरेना, कारण मित्रांचं नाचायचं गाणं अजून वाजलं नव्हतं. श्रीगोंद्याकडं थोरले जावई रुसून उसात जाऊन बसले, आणि ऊस एवढा वाढलेला की समजूत काढायला गेलेले चौघेही तासाभरानं सापडले!

पण खरा घात कशानं होतो? माईकनं! नवरी तयार, नवरा तयार, भटजी घसा खाकरून तयार, आणि तेवढ्यात तो सूत्रसंचालक... "आपल्या परिसराचं भूषण, सोसायटीचे माजी व्हाईस चेअरमन यांचं शुभागमन झालेलं आहे, उभय परिवारांच्या वतीनं त्यांचं हार्दिक हार्दिक स्वागत! त्यांनी स्थानापन्न व्हावं! तसंच त्यांच्यासोबत आलेले त्यांचे मेहुणे..." मग माजी झाले की आजी, आजी झाले की भावी, आणि प्रत्येकाचे शुभाशीर्वादाचे दोन शब्द! त्या दिवशी साहेबांची अकरा लग्नं, हे सातवं, "साहेब निघालेले आहेत, रस्त्यात आहेत, कुणीही जागा सोडू नये!" राशीनच्या बाजूला तर स्वागताला सुरुवात झाली तेव्हा नवरदेवाची गुळगुळीत दाढी होती, मंगलाष्टकं संपली तेव्हा नवरीनं त्याला ओळखलं नाही!

...तर असं करत करत आली शेवटची तिथी. शनिवार. यानंतरची तिथी थेट तुळशीच्या लग्नानंतर. नृसिंहाच्या हातात एकच पत्रिका, देवळाली प्रवरेच्या अलीकडची एक वस्ती. चिरंजीव ज्ञानेश्वर आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी रेश्मा, दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटं.

आणि इथं, तुम्हाला सांगतो, गाठ पडली चांगुणाबाईंशी. रेश्माची आई. काठापदराचं लुगडं, मनगटाला नवऱ्याचं घड्याळ, हातात काठी नाही पण काठीची जरब! सकाळीच याला चहा देताना म्हणाल्या, "माझ्या लग्नात सात जनांनी आशीर्वाद दिलं बगा. माझा बा मांडवाच्या दारात उनात हुभा, हात जोडून, येनाऱ्याला या म्हनायला. पाचव्याच्या भाषनाला चक्कर येऊन पडला. हितं माझी मंगलाष्टकं चालल्याली आन तिकडं त्येला टेम्पोत घालून दवाखान्यात न्हेत व्हते. बानं माझी अक्षता पाह्यली न्हाई. आता नव्वदीला आलाय. नातीची बगायची म्हनतोय. म्हनून सांगितलंय, पुढाऱ्याला बोलावनं न्हाई, आन माईकवर कुनाचं नाव न्हाई!"

नृसिंहाला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलाही.

पण सूत्रसंचालक राधाकृष्ण सर! बावीस वर्षं लग्नांत माईक धरलेला माणूस, त्यांचं तोंड एवढंसं झालेलं. "बाई, मग मी बोलायचं तरी काय?"

"जेवून जावा म्हना."

"एवढंच?"

"व्हय. आन तेबी एकदाच."

बारा वीस. नवरा पारावरून येऊन बसलेला! बारा बावीस. नवरी तयार! बारा चोवीस, भटजींनी अंतरपाटाची घडी मोडली! नृसिंह मागं, पाण्याच्या जारांपाशी, तोंडाला पंचा गुंडाळून, मुठीत अक्षता, कुणाच्या नजरेला नजर न देता, कारण चार कार्यक्रमांत त्याचं तोंड जिल्ह्याला पाठ झालेलं आणि ओळख पटली की घोटाळा! आणि मंडळी, घाम आला. घाम पुसायला यानं पंचा काढला. फक्त एवढंच. पंचा काढला!

राधाकृष्ण सरांचे डोळे असे चमकले, जशी दुष्काळात विहीर दिसावी. चांगुणाबाई नवरीच्या खोलीत. पाहुणे म्हणाले, "सर, बाईंनी न्हाई म्हनलंय!" सर म्हणाले, "पुढाऱ्याला न्हाई म्हनल्यात! ह्यो कुठं पुढारी हाय? कलाकार हाय! कलाकाराचं बाई काय बोलल्याच न्हाईत!" आणि माईक उघडला... "आजचा सुवर्णक्षण! चौदा तालुक्यांच्या हृदयावर राज्य करणारे, विरजणसम्राट, छत्रीफेम नृसिंह मुळे आपल्यात बसलेले आहेत! त्यांना विनंती, शुभाशीर्वादपर दोन शब्द!"

आता तुम्हीच सांगा, यानं काय करायला हवं होतं? पळायला! पण समोर सातशे माणसं टाळ्या वाजवतायत. अकरा माणसांपुढं, त्यातही तीन भिजलेल्यांपुढं बोलून आलेला माणूस हो तो! घड्याळात बारा सव्वीस. मनात म्हणाला, नऊ मिनिटं आहेत, नऊ मिनिटांत माणूस दोन शब्द बोलून तीनदा परत येतो.

स्टेजवर चढला. एका मुठीत अक्षता, दुसऱ्या हातात माईक, आणि घड्याळ नेमकं माईकच्याच हातात, तबकडी पलीकडं! विषय काय घेतला असेल? वेळेचं महत्त्व! "मंडळी, लग्न वेळेवर लागलं पाहिजे, कारण..." हशा! मग उसात बसलेले जावई सांगितले, लोक मांड्या थोपटायला लागले. मग दाढीवाला नवरदेव. पहिल्या रांगेतली एक म्हातारी हसून हसून शेजारणीच्या अंगावर पडली. अहो, एवढं हसू याला चार वर्षांत मिळालं नव्हतं!

आणि एका मोठ्या हशाला अंगावर तांदूळ पडले. याला वाटलं, काय ही रसिकता! झुकून नमस्कार केला. पुढच्या विनोदाला पुन्हा तांदूळ! चौथ्या वेळेला तर चहूबाजूंनी वर्षाव, केसांत अक्षता, कॉलरमध्ये अक्षता, आणि एकदम बँडच सुरू झाला! बँड थांबला तसा नृसिंह आणखी रंगात आला, उरलीसुरली लग्नंही सांगून टाकली. शेवटी आभार मानायला दोन्ही हात जोडले आणि तिथं त्याला घड्याळ दिसलं. एक वाजून दोन मिनिटं.

मंडळी, माणूस स्टेजवर मटकन बसला. माईकवर रडायला लागला. "मी पापी आहे! सेहेचाळीस लग्नं दुसऱ्यांनी बुडवली, सत्तेचाळिसावं मी बुडवलं! मला माफ करा, मुहूर्त गेला!"

पहिल्या रांगेतून एक फेटेवाला म्हणाला, "ओ कलाकार, रडताय कशापायी? लगीन लागलं की कवाच! चला जेवायला!"

मागं वळून बघतो तर नवरा-नवरीच्या खुर्च्या रिकाम्या. झालं होतं असं, यानं तोंड उघडलं तशा चांगुणाबाई खोलीतून बाहेर आल्या, एकदा स्टेजकडं बघितलं, एकदा घड्याळाकडं, आणि नवरा-नवरी, भटजी, मामा, म्हातारे वडील, अशी चाळीस माणसं घेऊन स्टेजमागच्या मारुतीच्या देवळात गेल्या. कडेच्या माणसांना 'सावधान' ऐकू आलं, त्यांनी अक्षता टाकल्या. त्यांचं बघून बाकीच्यांनी टाकल्या. आता अक्षता कुणावर पडतेय हे आपल्याकडं कधी कुणी बघितलंय का? समोर जो उभा, त्याच्यावर!

नृसिंह धावत देवळापाशी. "बाई, किती वाजता लागलं?"

"बारा पस्तीस. माझ्या घड्याळात बी आन भटजींच्या बी." पायरीवर त्यांचे वडील बसलेले, डोळे पुसत, नातीचा हात सोडायला तयार नाहीत. चांगुणाबाई म्हणाल्या, "तुमच्यामुळंच झालं बगा. समदी तुमच्याकडं गुंतली, न्हायतर 'आमाला बोलू द्या' म्हननारे चौघं व्हते मांडवात. बा सगळ्यात पुढं हुभा व्हता. लई उपकार झालं."

नृसिंहानं मूठ उघडली. अक्षता घामानं तळहाताला चिकटलेल्या. न टाकलेल्या.

लीनावहिनीचा फोन. "लागलं का वेळेवर?"

"लागलं! मिनिटाला मिनिट!"

"पाहिलंस?"

...आता बघा, हो म्हणायला काय जातंय? देवळात कोण विचारायला जाणार होतं? शोध पुरा, कार्यक्रम पक्का, अनीशची खुर्ची अनीशला! पण तो नृसिंह! म्हणाला, "नाही गं. मी भाषण करत होतो."

"आणि अक्षता?"

"माझ्यावरच पडल्या."

वहिनी हळूच म्हणाली, "मी काही बोलत नाही. वही तुझी आहे." आणि यानं स्वतःच सांगितलं, "नियम म्हणजे नियम." सोमवारी सकाळी नऊला अनीशच्या दुकानात हजर!

तर दहा वाजता पहिलं गिऱ्हाईक आलं. याला वाटलं, नळ्या हव्यात. तर म्हणे, "चांगुनाबाईनं पाठिवलंय. आमच्या पोरीचं तुळशीनंतर हाय. तुमी या, दोन शब्द बोला, जरा ऐसपैस बोला. आमाला तेवढ्यात लगीन लावून घ्यायचंय." दुपारपर्यंत असे सहा जण! त्या मोसमात तर पद्धतच पडली. दोन मांडव. एकात माजी, आजी, भावी आणि त्यांचे मेहुणे, सगळ्यांना पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवायचं आणि समोर नृसिंह सोडायचा. दुसऱ्यात गपचूप लग्न! लीनावहिनीनं तारखांची वही ठेवलीय, आणि अनीशनं खुर्ची परत घेतली. माणूस एवढा मोठा कलाकार झाला की तिथीच्या दिवशी सापडत नाही. जिल्ह्यात लग्नं वेळेवर लागायला लागली, आणि वेळेवर लागलेलं लग्न डोळ्यांनी न पाहिलेला माणूस आता एकच!

परवा संध्याकाळी घरी आला, केसांतले तांदूळ झटकत खुर्चीत बसला. वहिनीनं विचारलं, "आज तरी दिसलं का रे?"

"नाही गं. टाळ्या फार होत्या."

"निदान जेवलास?"

"बोलणं संपलं तेव्हा पातेली घासत होते."

वहिनी तारखांची वही मिटून स्वयंपाकघरात गेली. आणि दुसऱ्या दिवसापासून, तुम्हाला सांगतो, नगर जिल्ह्यात लग्नाला डबा घेऊन जाणारा हा पहिला माणूस!