तळघरातली पहिली कॅसेट

कान दाखवायच्या रांगेत ठिगळांची काळी जाकिटं घातलेले दोन म्हातारे ओरडून बोलत होते. शेजारच्या पोरीनं कानातला कापूस काढला.

"डॉक्टरांना सांग, आपला पंक बँड आहे, शनिवारी वाजवायचंय."

"सांगतो. तळघरात रेकॉर्ड केलेल्या आपल्या पहिल्या कॅसेटवर माझे ड्रम ऐकून पब्लिक हादरलं होतं, तेही सांगतो."

"गड्या, ते ड्रम नव्हते. वरच्या छापखान्याचं मशीन होतं. तुझा माइक लावायचाच राहिला होता."

"हे आत्ता सांगतोस?"

"तू फार खूश होतास."

"अरे, त्या कॅसेटसारखं वाजावं म्हणून जन्मभर जीव तोडून बडवलं! त्यातच कान गेले."

"म्हणून तर सोबत आलोय."

"आणि डॉक्टर वाजवू नका म्हणाले तर?"

"छापखाना अजून चालू आहे."

"तालात आहे?"

"तुझ्यापेक्षा बरा."