चेहरा तेवढा बदला

नाही नाही, बसा, मी ऐकलं सगळं — चेहरा तेवढा बदलायचा, कपडे तेच, खुर्ची तीच, बसायची ढब तीच, बरोबर ना? दोन मिनिटांचं काम. कोणी सांगितलं तुम्हाला दोन मिनिटांचं? मीच सांगितलं असेल. आठ महिन्यांपूर्वी तुम्ही तिघं चित्र काढून घ्यायला आलात — तुम्ही, तुमच्या मिसेस आणि ती चिमुरडी — तेव्हा मीच मोठ्या तोंडाने सांगत होते, की कॉम्प्युटरवर रंगवते म्हणून सोपं समजू नका, एकेक माणूस वेगळ्या लेयरवर असतो, म्हणजे काचेवर काच ठेवावी तसं, एकीवर मुलगी, एकीवर आई, सगळ्यात खाली भिंत — कुणाला जरा सरकवलं तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. तेवढं बरोबर लक्षात ठेवलंत. मला वाटलं होतं, तुम्ही मोबाईल बघताय.

हे बघा, प्रत्येक लेयरपुढे डोळ्याचं चिन्ह आहे ना — त्यावर टिचकी मारली की — गेल्या. दिसतंय? खुर्ची आहे, मागचा पडदा आहे, बाई नाहीत. वाकून नका बघू, तिथूनच दिसतं. हां, तो हात. दिसला तर तुम्हालाही. मुलीच्या खांद्यावर चार बोटं राहिलीत, मनगटाच्या मागे काही नाही. ती चूक माझी. हात आईच्या लेयरवर हवा होता, पण पोर सारखी चुळबुळत होती, आई तिला दाबून धरत होती, बोटांखाली फ्रॉकच्या चुण्या पडल्या होत्या — त्या चुण्या आणि ती बोटं वेगवेगळी रंगवता येईनात, मग सगळं मुलीच्याच लेयरवर रंगवून मोकळी झाले. आता बोटं काढायची तर पोरीचा खांदा खरवडावा लागेल. — खरवडा म्हणताय. किती सहज म्हणालात हो.

किळस येते मला, स्पष्टच सांगते. तुमच्या एकट्याचीच असं नाही, महिन्याला दोन तरी येतात — जावई काढा, वहिनी काढा, भागीदार काढा — आणि बोलणं असं, की जसा काही तांदळातला खडा काढायचाय. पण अंग तेच ठेवा आणि मुंडकं दुसरं बसवा, हे सांगणारे तुम्ही पहिलेच. तुमच्या घरात येणाऱ्या नव्या बाईंना विचारलंत का, दुसरीच्या धडावर बसायला चालेल का म्हणून? आणि मुलीला काय सांगणार, आई चुकीची रंगवली गेली होती? लहान आहे, सवय होईल — हं. सात वर्षांची आहे ती, आंधळी नाही. तिची आई घर सोडून गेली, का गेली ते मी विचारत नाही, मला त्यात पडायचंच नाही — पण त्या पोरीची आई तीच ना? का तीही बदलली?

आणि मला ते शिकवू नका, नुसतं लपवून ठेवा, पुढे वाटलं तर दाखवू. अगदी हेच म्हणाले होते मी. कुणाला म्हणजे? स्वतःलाच. माझ्या थोरल्या बहिणीने बाबांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तर बाबा म्हणाले, बैठकीतल्या चित्रात ती नको. चित्र मीच काढलेलं, आमच्या सगळ्या घराचं. म्हटलं, कशाला वाद, ताईचा लेयर लपवते, म्हातारा निवळला की डोळा उघडते. शहाणी ना मी. छपाईला देताना सगळे लेयर एक करावे लागतात, तेव्हा कॉम्प्युटर विचारतो, लपवलेले टाकून देऊ का — मी घाईत, फोन कानाला — हो दाबलं. त्याच फाईलवर सेव्ह केलं. दुसरी प्रत नाही. बाबा निवळले, हो, तीन वर्षांनी निवळले, स्वतः फोन करून ताईला बोलावलं, म्हणाले, चित्रात तुझी जागा आहे तशी आहे, हिने सांभाळून ठेवलीय — मीच त्यांना तसं सांगितलेलं. ताई आली, चहा घेतला, म्हणाली, दाखव ना गं. काय दाखवू? तिच्या जागी मी एक कुंडी रंगवली होती. कुंडी छान झालीय म्हणाली. त्यानंतर आली नाही. मी नवीन चित्र काढून पाठवलं, ते पार्सल न उघडता परत आलं. — हे तुम्हाला का सांगतेय कुणास ठाऊक. बाबांचा नाही हो राग येत मला, त्यांना तो डोळा कुठे असतो तेही माहीत नव्हतं. टिचकी मारणारी मी. तुमचं तोंड बघितलं ना, की मला माझंच दिसतं.

सरका जरा. हा उघडला डोळा — आल्या बघा जागेवर. आता हे इथे, सगळे लेयर एक करा. उठताय कशाला? हात काढा तो, रंगवायचं पेन माझं आहे. झालं. सेव्ह. त्याच नावाने. आणि ही फाईल बंद, म्हणजे मागे फिरायची सोयच नको. आता पडदा, खुर्ची, तुम्ही, त्या, पोर, सगळे एकाच काचेवर. एकाला काढायचं तर दुसऱ्याला ओरबाडावं लागेल, आणि ते करणारं कुणी मिळेलही तुम्हाला, नाही असं नाही, पण ती मी नव्हे.

काय म्हणालात? कॉम्प्युटरमध्ये कुठेतरी जुनी प्रत असेलच? — नसते. मी महिनाभर शोधत होते. दार ओढून घ्या जाताना.